देवघरातलं पेडल

...उशी घ्या म्हणे! उशी! अहो, मी काय एस.टी.च्या मागच्या सीटवर झोपायला निघालोय? आयुष्यात एकदा, फक्त एकदा माणूस स्पोर्ट्‌स कार घेतो, लालभडक, दोन दारं, दोन सीटं, बटण दाबलं की छप्पर मागे जातंय, चावी फिरवली की अख्ख्या नारायण पेठेतली कबुतरं एकदम हवेत... आणि त्या गाडीत मी, अनंत दातार, वय वर्षं एक्कावन्न, बसणार कशावर? तर जुन्या गादीतला कापूस भरलेल्या आणि वर ठिपक्यांचा अभ्रा चढवलेल्या उशीवर! नाही बसणार! सांगून ठेवतो, गाडी माझी, पाय माझा! बाकी कोणी मध्ये बोलायचं काम नाही.

आता तुम्ही विचाराल, उशीचा प्रश्न आलाच कुठून? तर तुम्हाला सांगतो, माझी उंची पाच फूट दोन इंच. बुटासकट. हसू नका! तिसऱ्या रांगेतले तुम्ही, हो तुम्हीच, तुम्ही बसून माझ्याएवढे आहात, तुम्हाला काय कळणार यातलं? मी कंपनीत लागलो तेव्हा कॉम्प्युटर एका खोलीएवढा होता, चपला बाहेर काढून आत जायचं, आत एसी, बाहेर आम्ही. पुढे कॉम्प्युटर लहान लहान होत गेला, कंपनी मोठी मोठी होत हिंजवडीला गेली, मी मात्र होतो तेवढाच राहिलो. तक्रार नाही! पण म्हटलं, आता एक तरी गोष्ट स्वतःच्या हौसेची करायची. म्हणून कोरेगाव पार्कातल्या एका माणसाकडून ही गाडी सेकंडहँड घेतली. माणूस सभ्य, व्यवहाराला चोख, फक्त सहा फूट तीन इंच! आणि त्या भल्या गृहस्थाने स्वतःच्या मापाने सीट मागे नेऊन बोल्ट मारून कायमची पक्की करून टाकलेली. पुढे येत नाही, मागे जात नाही, हलत नाही, डुलत नाही. स्वारगेटच्या मागे आमचा दशरथ मेकॅनिक आहे, त्याला दाखवली. त्याने खाली वाकून पाहिलं, टॉर्च मारला, आणि टॉर्च विझवून म्हणाला, "साहेब, सीट काढाया गेलो तर खालचा पत्रा हातात येतोय. त्यापरीस तुम्ही उशी घ्या की."

घ्या! तो पहिला.

आणि गंमत बघा, मी बसलो की क्लच पोचतो. ब्रेक पोचतो. ॲक्सिलरेटर? तो कंपनीने नेऊन बसवलाय आत, पार आत, पाच फूट दोनच्या माणसाने त्याला नुसतं लांबून बघावं अशा बेताने! बुटाचं टोक कसंबसं टेकायचं, दाबता काही यायचं नाही. म्हणजे तुमच्या लक्षात येतंय का... मला गाडी थांबवता येत होती, चालवता येत नव्हती! शेजारचे म्हणाले, "बरंच आहे की, पुण्यात थांबायचंच असतं."

मग चालवायची कोणी? तर सलिल. सलिल म्हणजे माझा मेहुणा, आमच्या मंदाकिनीचा धाकटा भाऊ, उंची पाच अकरा, तोही आयटीतच. "जीजू, डोन्ट वरी, मी आहे ना." आहेस रे बाबा, पण सीटं दोन! म्हणजे तो चालवणार आणि शेजारी एक जण बसणार. पहिल्या रविवारी मी बसलो. स्वतःच्या गाडीत डाव्या सीटवर, मांडीवर हात ठेवून, प्रवाशासारखा! दुसऱ्या रविवारी मंदाकिनीला माहेरी जायचं होतं, शनिवार पेठेत. मग ती बसली, सलिलने गाडी काढली, आणि मी? मी फुटपाथवर. हात हलवत. माझ्याच गाडीला टाटा करत!

बरं, माहेरी कोण? माझे सासरे. नाना. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त हेडमास्तर, सबंध दिवसात बोलणार वाक्यं चार आणि ती चारही तुमच्या जिव्हारी लागणारी. गाडी दारात थांबल्याबरोबर ओट्यावरून विचारलं, "गाडी अनंतरावांची ना? मग अनंतराव कुठायत?" सलिल म्हणाला, "अहो नाना, जीजूंचा पाय पोचत नाही." त्यावर नाना म्हणाले... तेच म्हणाले जे पंचवीस वर्षांपूर्वी मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी खाली ठेवून माझ्यासमोर म्हणाले होते! "मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलगा उंचीला कमी आहे."

आणि स्वतः नाना काय ताडमाड आहेत? माझ्याएवढेच! कानाला कान लावून उभे राहू आम्ही. पण त्यांची एक जुनी फियाट होती, आणि त्या फियाटमध्ये बसले ना की हा माणूस वीतभर वाढायचा! बाजीराव रस्त्याने गाडी निघाली की मान ताठ, काळी टोपी थेट छताला, स्टिअरिंगवरून समोर बघणार जसा काही वर्गावर राउंडला आलाय. कसं जमायचं? पंचवीस वर्षं मला हे कोडं आहे. असो.

मंदाकिनी घरी आली. मला वाटलं, हसेल. हसली नाही हो. पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "मला तुमच्या शेजारी बसून जायचं होतं." बस्स, एवढंच. आता तुम्ही सांगा, मेहुणा हसला तर झटकता येतं, सासरे बोलले तर गिळता येतं, पण हे? हे लागलं मला. तिथल्या तिथे ठरवलं, येत्या दसऱ्याला सोनं द्यायला शनिवार पेठेत जायचं ते याच गाडीतून, मी चालवणार, मंदाकिनी शेजारी, आणि खाली उशी नाही! नानांच्या ओट्यासमोर स्वतःच्या पायाने ब्रेक मारणार. गाडी माझी, पाय माझा!

मग बसलो इंटरनेटवर. आठ दिवस शोधलं, आणि सापडलं! परदेशात एक कंपनी नुसती पेडलंच बनवते. कंपनीच्या मूळ पेडलवर बसवायचं दुसरं पेडल, ॲल्युमिनियमचं, चकचकीत, हलकं व्हावं म्हणून गोल गोल भोकं पाडलेली, दोन स्क्रू, सोबत स्क्रू पिळायला एक वाकडी किल्ली, आणि मुख्य म्हणजे मूळ पेडलपेक्षा एक इंच पुढे! एक इंच! उंच माणसाला नाही कळायची एका इंचाची किंमत. सलिल म्हणाला, "जीजू, कुशन इज द सिंपल सोल्यूशन, उगाच ओव्हर-इंजिनिअर कशाला करताय?" मी म्हटलं, सलिल, तू आमच्या घरी जेवायला ये, सल्ला द्यायला येऊ नकोस. आणि मागवलं!

आलं. कधी आलं? तर नेमकं घटस्थापनेच्या सकाळी! मी हिंजवडीला मीटिंगमध्ये, मंदाकिनी फुलं आणायला मंडईत, आणि घरी एकटी आई. आमची आई, गोदाबाई, वय ब्याऐंशी, कान तिखट, डोळे जरा अधू. आईचा नियम आहे, घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची. मिक्सर ठेवलाय, मोडेम ठेवलाय, माझा लॅपटॉप हळदीकुंकवासकट ठेवलाय, की-बोर्डवर अजून एक अक्षता खडखडतेय. ते ठीक. पण यात दुसरीही एक भानगड होती. आई तीन वर्षं मला सांगत होती, "अनंता, उदबत्तीचं घर मोडलंय रे, एक आण." आणि मी तीन वर्षं म्हणत होतो, आणतो. उद्या आणतो. रविवारी आणतो. येतंय ना लक्षात पुढचं?

संध्याकाळी घरी आलो. दारातच उदबत्तीचा घमघमाट. बूट काढले, देवघरात डोकावलो... आणि काय बघतो! घट बसलेले, नंदादीप तेवतोय, आणि घटाच्या पुढ्यात माझं पेडल! उभं! वर ठसठशीत हळदीकुंकू, बाजूला झेंडूचं फूल, आणि पाच भोकांत पाच उदबत्त्या! आणि ती स्क्रू पिळायची वाकडी किल्ली? ती घटाच्या वर अडकवून तिला माळ सोडलेली!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई आली, पदराने डोळे टिपत. "अनंता, तीन वर्षं सांगत होते. मला वाटलं, म्हातारीचं कोण ऐकतंय. विसरला नाहीस हो. आणि नेमकं घट बसायच्या दिवशी आणवलंस, तेही असं सुबक."

आता बोला! तुम्ही काय केलं असतंत? म्हणाला असतात, आई, ते लाथेने दाबायचं यंत्र आहे? मी मंदाकिनीकडे पाहिलं, मंदाकिनीने पेडलकडे पाहिलं, पेडलमधून धूर निघत होता. मी म्हटलं, "आवडलं ना?" झालं. संपलो मी.

आणि घट बसले की बसले. नऊ दिवस त्यातली एक काडी इकडची तिकडे करायची नाही. मी रोज ऑफिसातून येऊन माझ्या ॲक्सिलरेटरला आरती ओवाळत होतो. टाळ्या वाजवत होतो. रोज एक नवी माळ त्या किल्लीला, आणि रोज उदबत्तीची राख माझ्या एका इंचावर! खाली गाडी तशीच उभी, कव्हर घालून, पाचव्या दिवशी कव्हरवर मांजरीने मुक्काम टाकला.

सहाव्या दिवशी सलिल जेवायला आला. हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि ओरडला, "ओ माय गॉड! जीजू! हे तर तुमचं पेडल!"

"पेडल म्हणजे काय रे?" आईने विचारलं.

"अहो मावशी, ते पायाने दाबायचं असतं. गाडीतलं."

वाढता वाढता मंदाकिनीचा हात पानावरच थांबला. उदबत्तीची राख पडली ती आईने बोटाने टिपली, कपाळाला लावली, आणि मग माझ्याकडे वळली. "म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही, मी चुकलो की जास्त तणतणतो. म्हटलं, "हो, नव्हतं! गाडीसाठी होतं! दसऱ्याला मी ते बसवणार आहे, आणि मंदाला शेजारी बसवून नानांकडे जाणार आहे! गाडी माझी, पाय माझा!"

"हो ना," आई शांतपणे म्हणाली, "आणि देव माझे."

निकाल लागला! दसऱ्याला घट उठेपर्यंत हात लावायचा नाही. त्यानंतर पुढे ती म्हणाली, "नऊ दिवस देवापुढे बसलेलं, मी त्याला रोज नमस्कार केलेला. ने तू, तुझी वस्तू आहे. पण एक सांगते अनंता, त्याला चप्पल-बूट लागता कामा नये." मी म्हटलं बरं. भांडणात जिंकल्यावर माणूस जसं पटकन म्हणतो ना, तसं म्हटलं. पुढचा विचार? तो कोण करतंय!

उजाडला दसरा. घट उठले, पेडल सुटलं. मी किल्लीची माळ काढली, आईच्या हातात नवं उदबत्तीचं घर ठेवलं, पितळेचं, तुळशीबागेतून स्वतः जाऊन आणलं होतं आदल्या दिवशी, आणि फोन लावला दशरथला. "दशरथ, ये लगेच, दोन स्क्रू आहेत फक्त!"

"न्हाय साहेब," दशरथ म्हणाला. "आज पान्याला हात लावायचा न्हाय. समद्या हत्यारांची पूजा मांडलीय, हार घातलाय. आन तुमची ती वस्तू तर देवापुढली हाय म्हणता. उद्याच्याला या."

उद्या? उद्या काय करू, नानांना शिळं सोनं देऊ? कोणी लागत नाही मला! मी स्वतः! आता ॲक्सिलरेटरचं पेडल बसवायचं म्हणजे कसं? डोकं खाली, पेडलांच्या खबदाडात, पाठ सीटवर, आणि दोन्ही पाय वर छपराबाहेर! नारायण पेठेत, भर दसऱ्याला, नव्या सदऱ्यात मी तसा उलटा! पेडलवरचं हळदीकुंकू नाकात जातंय, शिंका येताहेत, आणि वरून कोणीतरी चौकशी करतंय, "अहो, आत कोणी राहतं का?" मी आतून ओरडलो, "राहतो! पुढे व्हा!"

पण बसवलं! दोन्ही स्क्रू करकचून पिळले. बाहेर आलो, सरळ बसलो, बूट घातला, उजवा पाय पुढे केला... आणि पोचला! अहो, पोचला! टोक नाही, चवडा! सगळाच्या सगळा! दाबला... आणि काय आवाज काढला हो गाडीने! कव्हरवर राहणारी मांजर तीन मजले वर! माझ्या डोळ्यांत पाणी. पाच महिने ही गाडी माझ्या नावावर होती, त्या सकाळी माझी झाली.

"अनंताऽऽ! बूट!"

वर गॅलरीत आई. हातात तांब्या.

आली खाली. ब्याऐंशी वर्षांची बाई दोन जिने उतरून. "तू बरं म्हणाला होतास." म्हणालो होतो ना! काढले बूट. तिने पायांवर पाणी घातलं, मी पाय पुसले, बसलो, उजवा पाय पुढे केला...

आता तुम्हीच हिशोब करा. पेडल आलं एक इंच पुढे. बुटाचा तळ किती जाड? एक इंच! म्हणजे मी होतो तिथेच! आंगठ्याचं टोक! चोवीस वर्षं अमेरिकेतल्या लोकांना प्रोजेक्टचे अंदाज बांधून देतोय मी, आणि एवढं गणित माझ्या डोक्यात आलं नाही!

मंदाकिनी उभी होती शेजारी. नऊवारी नेसलेली, केसांत शेवंती, एका हातात आपट्याची पानं आणि दुसऱ्या हाताच्या काखेत... उशी. ठिपक्यांची. "घेताय?" तिने हळूच विचारलं.

नाही म्हणजे नाही! "बरं," म्हणाली, उशी आईकडे दिली, आणि गाडीत बसली. माझ्या शेजारी.

आणि निघालो! कसा निघालो ते विचारू नका. आंगठा पोचवायचा म्हणजे सीटवरून घसरत घसरत खाली जायचं, पाठ जवळजवळ आडवी, हनुवटी स्टिअरिंगखाली, समोर दिसतंय ते स्टिअरिंगच्या गोलातून दिसेल तेवढंच आभाळ आणि झेंडूचं तोरण! मंदाकिनी सांगतेय, "डावीकडे सायकल... आता सिग्नल... थांबा, म्हशी." थांबायला मी पहिल्यापासून पक्का! आमच्या घरापासून नानांचं घर चालत सात मिनिटं, पण वन-वे, नो-एंट्री, दसऱ्याची गर्दी, अलका चौकाला वळसा... पन्नास मिनिटं लागली. स्पोर्ट्‌स कारला उसाच्या गाडीने ओव्हरटेक केलं. टिळक रस्त्याला एका पोराने आईला विचारलं, "आई, ती बाई डावीकडे बसून गाडी कशी चालवते?" चालवू दे! त्याच सिग्नलला मंदाकिनीने गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "छान चालवताय हो." तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला आभाळ सोडून काही दिसत नव्हतं आणि काही बघायचंही नव्हतं.

आलो शनिवार पेठेत. नानांच्या ओट्यासमोर स्वतःच्या पायाने कचकन ब्रेक मारला. नाना काठी टेकत पुढे आले.

"ये मंदा. एकटीच? मग गाडी कोणी आणली?"

मी खालून हात वर केला. "मी."

नाना दारापाशी आले, वाकले, आणि आत पाहिलं. आडवा पडलेला जावई, अनवाणी, आंगठ्याला कुंकू. मी म्हटलं, आता येतंय वाक्य, येऊ दे! पन्नास मिनिटं आंगठ्यावर काढलीत मी, एक वाक्य नाही झेलता येणार? पण नाना वळले, घरात गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात एक चपटी, काळ्या रेक्झिनची, मध्ये खोलगट बसलेली... उशी!

"अठ्ठावीस वर्षं फियाट हिच्यावर बसून चालवली," नाना म्हणाले. "कोणाला कळू दिलं नाही."

अहो, ती मान! ती टोपी! पंचवीस वर्षांचं कोडं रेक्झिनचं होतं! "मग नाना," मी म्हटलं, "तेव्हा पोहे खाताना भर बैठकीत मला..."

"मुलगा उंचीला कमी आहे, बरोबर उशी द्या, असंच म्हणणार होतो. हिच्या आईने मध्येच तोडलं. लग्नात उशीऐवजी भांडी दिली."

बसलो मी उशीवर. बसलो! उशीची मागची कड पाठीशी वळली, पाठ टेकली, आंगठा पोचला, चवडा पोचला, समोर अख्खी शनिवार पेठ दिसली, आणि परतताना नऊ मिनिटांत घरी. हल्ली रोज असाच जातो हिंजवडीला. डिकीत तांब्या, आधी पाय धुवायचे, अनवाणी बसायचं, पोचलं की बूट घालून उतरायचं, सिक्युरिटीवाला मला पुजारी समजून हात जोडतो. सलिलने मागितली होती मध्ये गाडी. बस म्हटलं! पेडल पुढे, उशी खाली, गुडघे त्याच्या कानाला लागले. कोणाला म्हणजे कोणाला चालवता येत नाही ती आता, माझ्याशिवाय! गाडी माझी, पाय माझा!

...उशी तेवढी उसनी. नानांनी देतानाच सांगितलं, "फियाट विकलीय मी, उशी नाही. दर दसऱ्याला आणून दाखवायची."